खोब्रागडे निवास, मुक्काम कोसमटोला नाका

श्रीहरीभाऊ खोब्रागड्यांनी नवं घर घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या सहाही चाकांतली हवा तपासून घेतली. मग टाकीत डिझेल किती आहे ते पाहिलं, हॉर्न दोनदा वाजवला, आणि मगच बायकोला हाक मारली, "गिरजा, ये. घर पाहून घे."

गिरजाबाई क्वार्टरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदरानं चष्मा पुसला, रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या लांबलचक, आकाशी रंगाच्या वस्तूकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हे त गाडी हाय. घर कुठी हाय?"

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण श्रीहरीभाऊ माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीभर टाइम ऑफिसचे बाबू होते, आणि टाइम ऑफिसच्या बाबूला समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐकून घ्यायची सवय नसते. अख्ख्या खाणीची हजेरी त्यांच्या हातात. कुणी 'घरगुती कारणास्तव' म्हणून रजेचा अर्ज टाकला, की भाऊ चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "घरगुती म्हणजे कोणतं? नीट कारण लिहा." भल्याभल्या डंपर चालवणाऱ्यांना तिथं घाम फुटायचा. 'घरगुती' हे काही कारण असू शकतं, यावर भाऊंचा उभ्या जन्मात विश्वास बसला नाही.

आता ते रिटायर झाले होते आणि क्वार्टर कंपनीला परत करायचं होतं. गिरजाबाईंनी लग्नापासून नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे स्वतःचं घर. क्वार्टरमध्ये खिळा ठोकायचा तरी कंपनीला विचारावं लागे. "रिटायर झालो की पहिलं काम घराचं," असं भाऊंनी चारचौघांत कबूल केलं होतं, आणि शब्दाचे ते पक्के होते. फक्त मध्येच त्यांची दाढ दुखली. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत त्यांनी एक जुनं इंग्रजी मासिक चाळलं, त्यात एक गोरं म्हातारं जोडपं घराच्या गाडीत बसून, की गाडीच्या घरात बसून, चहा पीत होतं. मागं डोंगर होता. भाऊंची दाढ त्या दिवशी निघाली, पण ते चित्र काही डोक्यातून निघालं नाही. घर एका जागी गप उभं राहतं यात त्याचं काय कर्तृत्व आहे, असं ते कॉलनीत ज्याला त्याला विचारू लागले.

गाडी बांधली भद्रावतीच्या कमरुद्दीननं. कमरुद्दीन हा बॉडी बिल्डर, म्हणजे गाड्यांच्या बॉड्या बांधणारा. त्याची स्वतःची बॉडी उदबत्तीएवढी. तोवर त्यानं शाळेच्या गाड्या, पाण्याचे टँकर आणि एक शववाहिनी बांधली होती. शववाहिनीचा त्याला विशेष अभिमान. "भाऊ, इतकी वर्षं झाली, आजतक एका प्रवाशाची तक्रार नाई," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. त्याच्या बायकोनं, खुर्शीदाभाभीनं, पडदे शिवून दिले, तेही झालरीचे.

आता नवं घर कसं हवं, हे भाऊंना विचारलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर क्वार्टरच यायचं. दुसरं घर त्यांनी पाहिलंच कुठं होतं? तेव्हा कमरुद्दीननं क्वार्टरचीच मापं घेऊन ती धुतलेल्या कपड्यासारखी आटवली. दाराच्या उजव्या हाताला बटण, कोपऱ्यात न्हाणी, भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना दोन खिळे, सगळं तसंच. क्वार्टरच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी नेहमी अर्धवट लागायची. कमरुद्दीननं इतक्या इमानदारीनं नक्कल केली, की गाडीतली कडीसुद्धा अर्धवटच लागली. गॅस नव्हता. खाणीच्या कॉलनीत जन्म काढलेली बाई कोळशाच्या शेगडीशिवाय भाकर करत नाही. म्हणून शेगडी आली, शेगडीसाठी कोळशाची पोती आली, आणि धुरासाठी एका मोडीत काढलेल्या ट्रकच्या सायलेन्सरचं धुराडं आलं.

राहता राहिला पलंग. हा पलंग गिरजाबाईंना चिमूरहून बापानं लग्नात दिलेला. सागवानी, माणसाच्या मांडीएवढे पाय. त्याच्याशिवाय त्या कुठंच हलणार नव्हत्या. पण तो कुठल्याच दारातून आत जाईना. शेवटी कमरुद्दीननं डोकं लढवलं. आधी उघड्या सांगाड्यावर पलंग ठेवला, बोल्टांनी आवळला, आणि मग त्याच्या भोवती गाडी बांधली. "आता हा पलंग बाहेर निघणार नाई, भाऊ. कयामत आली तरी नाई," तो म्हणाला. भाऊंना ही गोष्ट फार आवडली. पुढं आवडेनाशी झाली.

पासिंगच्या वेळी आरटीओच्या साहेबांनी विचारलं, माल वाहणार की माणसं? भाऊ म्हणाले, राहणार. साहेब म्हणाले, बसायची क्षमता सांगा. भाऊ म्हणाले, दोघं बसायचे, दोघं झोपायचे. झोपायच्या क्षमतेचा रकाना त्यांच्याकडे नव्हता, आणि रकान्याचा मान कसा ठेवायचा हे भाऊंनाच चांगलं ठाऊक असल्यामुळं ते गप बसले. कॉलनीतल्या लोकांनी मात्र गप बसायचं नाही असं ठरवलं होतं. कुणी म्हणालं, लिंबू बांधा. कुणी म्हणालं, घरपट्टी कोणत्या गावाला भरणार? एकानं विचारलं, पाहुण्यांना पत्ता काय सांगायचा? भाऊंनी लिंबाला अंधश्रद्धा म्हणून झाडून टाकलं. तेवढ्यात कमरुद्दीननं मागच्या बाजूला एक फाटका बूट गुपचूप लटकवून दिला आणि समोर, जिथं एस्टीवर गावाचं नाव असतं तिथं, झोकदार अक्षरांत रंगवलं: 'खोब्रागडे निवास.'

त्यामुळं झालं असं, की माजरीहून निघून मुक्काम करत करत जाताना दर थांब्यावर बाया हात करायच्या. बल्लारपूरच्या पुढं एक म्हातारी तर शेळीसकट आत येऊन पलंगावर बसली, आणि गोंडपिपरीला उतरताना भाऊंना म्हणाली, "कंडक्टर, गाडी साजरी हाय, पर बाकडे कमी हायेत." गाडी कमरुद्दीन चालवत होता. भाऊ शेजारी बसून सिरोंच्यापर्यंतचा नकाशा बघत होते आणि एकच रस्ता असूनही तो बरोबर आहे असं मधून मधून जाहीर करत होते. कंडक्टर हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला.

गोंडपिपरीला गिरजाबाईंचा धाकटा भाऊ राहायचा, दादाजी. त्याचा लग्नाचा बँड होता. त्यानं जवाईबापूंना पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ गाडीत चढला आणि वितीनं मोजायला लागला. "इथी ढोल राहील. इथी दोन क्लॅरोनेट. हे न्हाणी काढून टाकली त इथी बँड मास्टर आरामात बसते." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "बाई, माह्या घराच्या बाजूचा प्लॉट रिकामाच हाय. जवाईबापू मले गाडी देतील, मी तुले प्लॉट देतो. घर बांधून टाक. हे काय लावलं बापा, गावोगाव फिरून राह्यले डोंबाऱ्यावानी."

भाऊंचा चेहरा पडला. पण गिरजाबाई विचार करूनच बोलणाऱ्या. म्हणाल्या, "यायनं हौसेनं घेतली हाय. सिरोंच्यापर्यंत जाऊन येतो. परत येईपर्यंत मले हे घर वाटलं, त ठीक. नाई वाटलं, त परत येताना इथीच उतरन. गाडी तुही."

दादाजीनं त्याच संध्याकाळी बँड मास्टरला त्याची जागा दाखवून ठेवली.

झालं. आता भाऊंना एकच ध्यास लागला. गिरजाच्या तोंडून 'घर' हा शब्द यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी आष्टीच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "गिरजा, घरात स्वयंपाक करायला कुणी घर थांबवतं काय? शेगडी पेटव. मी तोवर आंघोळ करतो." आणि टॉवेल घेऊन न्हाणीत गेले.

कॉलनीत कच्चा कोळसा पेटवला की शेगडी आधी अंगणात ठेवायची, धूर निघून जाऊ द्यायचा, मग आत आणायची, ही रीत. इथं अंगण नव्हतं. गिरजाबाईंनी शेगडी पेटवली आणि धुराड्यातून जो पिवळा-काळा लोट निघाला, तो झाडांच्या शेंड्यांवरून गाडीबरोबर धावू लागला.

दिवस मोहफुलांचे होते, म्हणजेच वणव्याचे. कोसमटोल्याच्या वन तपासणी नाक्यावर डोमा नावाचा आग राखणारा गडी झाडावर चढून टेहळणी करत होता. त्यानं आजवर बरेच वणवे पाहिले होते. पण डांबरी रस्त्यानं, वळणं घेत, हॉर्न वाजवत येणारा वणवा त्यानं पहिल्यांदाच पाहिला. "सायेब, आग चालून येऊन राह्यली!" असं तो ओरडला. नाक्यावरची सगळी माणसं हिरव्या डहाळ्या तोडून रस्त्यावर उभी राहिली, आणि कमरुद्दीननं ब्रेक मारताच त्यांनी 'खोब्रागडे निवास'ला चारी बाजूंनी झोडपायला सुरुवात केली. दोघा-तिघांनी पाण्याच्या बादल्या अर्धवट लागलेल्या खिडकीतून आत रिकाम्या केल्या.

"अरे, काय करून राह्यले!" असं ओरडत भाऊ बाहेर आले. कमरेला टॉवेल, तोंडाला साबण. डोमाला वाटलं माणूस भाजून पांढरा पडला, म्हणून त्यानं उरलेली बादली भाऊंच्या डोक्यावर ओतली. डहाळीचे दोन फटके त्यांना आधीच बसले होते. जिथं बसले ती जागा त्यांनी पुढं कधीच कुणाला सांगितली नाही.

गैरसमज दूर झाला. नाक्याचे वनपाल मडावीसाहेब हसून हसून दमले, मग त्यांनी भाऊंची माफी मागितली आणि गाडी आतून पाहिली. "साजरी हाय जी. पलंग त भारीच दिसते."

खरं सांगायचं तर भाऊंनी इथं गप बसायचं होतं. पण अंगावरचा साबण वाळत होता, गेलेली अब्रू कशानं तरी भरून काढायची होती, आणि तेवढ्यात कुणीतरी कौतुक केलं होतं. "अस्सल सागवान, साहेब," भाऊ म्हणाले, "चिमूरचं. वाजवून बघा."

मडावींनी वाजवून पाहिलं. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. "सागवान हाय म्हणता?"

"शंभर टक्के!"

"मंग याचा वाहतुकीचा पास दाखवा."

कमरुद्दीननं कपाळावर हात मारला. भाऊंनी गरम होऊन सांगितलं, की हे घर आहे आणि घरातल्या पलंगाला पास लागत नाही. मडावी माणूस सरळ. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. घर असन त पलंगाले पास नाई लागत. पर गाडी असन त गाडीतल्या सागवानाले लागते. आता हे घर हाय का गाडी हाय, तेवढं ठरलं पाह्यजे. पंचनामा करतो. बाईले इचारू. घर कोणतं, ते बाईलेच ठाऊक रायते."

भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. एवढंच ना? त्यांनी गिरजाबाईंकडे बघून भुवया उडवल्या, मान हलवली, ओठांनी आवाज न करता 'घर' सुद्धा म्हणून दाखवलं.

"बाई, खरं सांगा. हे काय हाय?"

गिरजाबाईंनी पिठाचे हात झटकले. आयुष्यात त्या एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. "गाडी हाय," त्या म्हणाल्या.

पलंग जप्त झाला. पलंग बाहेर निघत नव्हता, म्हणून गाडी जप्त झाली. रेंजरसाहेब वरच्या जंगलात आग विझवायला गेले होते. ते येतील तेव्हा फैसला, तोवर चावी मडावींच्या खिशात. कमरुद्दीन कळवळून म्हणाला, "भाभी, एक बार घर बोल देती तो क्या बिगडता था?"

भाऊ मागच्या पायरीवर, त्या लटकत्या बुटाशेजारी जाऊन बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पलंगाचं नाही, चावीचं नाही. जवळ येऊन उभ्या राहिलेल्या बायकोला ते म्हणाले, "एवढी मेहनत केली मी. तुझ्यासाठीच केली. तुला एवढंही म्हणता येत नाही?"

"तुमी माह्यासाठीच केलं, ते समजते मले," गिरजाबाई म्हणाल्या. "पर घराले शेजार रायते जी. अंगण रायते. मी सकाळी उठून चाकापाशी झाडते, अन् तुमी गाडी चालू करता. माह्यं झाडलेलं अंगण संध्याकाळपर्यंत कितीक गावं मांगं राहून जाते. त्याले मी घर कसं म्हणू?"

भाऊ लटकता बूट हातानं उगाच हलवत राहिले.

सकाळी गिरजाबाईंनी सवयीनं खराटा घेतला आणि गाडीभोवती झाडायला लागल्या. नाक्यावर पाचोळा घोटाभर साचलेला. झाडता झाडता त्या पार नाक्याच्या खांबापर्यंत गेल्या. आग राखणारे खूश झाले. पाचोळा गेला की आगीची भीती गेली. हे कोण झाडून राह्यलं म्हणून बघायला कोसमटोल्याची बायनाबाई आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली, बोलायला तयार. "इथीच राह्यले आल्या काय?" तिनं विचारलं. "नाई बाई, जप्त झालो," गिरजाबाई म्हणाल्या. "बरं झालं," बायनाबाई म्हणाली, "या नाक्यावर कोणी बाईमाणूस नव्हतं." दुपारी तिनं शेणाची पाटी आणून दिली, आणि गाडीच्या दारासमोर सडा पडला.

मग काय, राहायला गेलेल्या माणसाचं सामान जसं पसरत जातं, तसं ते पसरायला लागलं. शेगडी बाहेर आली, तिचा धूर अंगणातच निघून जाऊ लागला आणि नाक्यावरच्या सगळ्यांचा चहा तिच्यावर व्हायला लागला. कपडे वाळत घालायची दोरी गाडीपासून मोहाच्या झाडापर्यंत गेली. बायनाबाईनं गाडीचं छप्पर पाहिलं, "इतका साफ पत्रा रिकामा काऊन ठेवला?" असं विचारलं आणि गावच्या बायांनी त्यावर मोहफुलं वाळत घातली. डोमानं आपली बकरी मागच्या बंपरला बांधली, कारण तिथं सावली होती. कमरुद्दीननं नाक्याचा मोडलेला आडवा बांबू दुरुस्त करून त्याला खाली दगड बांधला, आणि आता तो बोटाच्या टोकानं वर जातो हे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना थांबवून दाखवू लागला. संध्याकाळी गिरजाबाई तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या, तेव्हा बाया पायरीवर बसून ऐकायच्या. पायरीपाशी त्यांच्या चपलांची रांग लागायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण चपला घालून आत कोणीच येत नव्हतं.

एकट्या भाऊंचीच चिडचिड चालली होती. "गिरजा, आपण अटकेत आहोत, समजतं ना?" ते विचारायचे. "हो जी," असं म्हणून त्या बायनाबाईकडून आलेली कुड्याच्या फुलांची भाजी त्यांच्या ताटात वाढायच्या. भाऊंना सिरोंचा दिसत होता. परत येताना गोंडपिपरी दिसत होती. न्हाणीच्या जागी आरामात बसलेला बँड मास्टरही दिसत होता. बायको मजेत आहे, हे त्यांना कळत होतं. पण ती गाडीत मजेत आहे की नाक्यावर, हे विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती.

आणि एक दिवस दादाजी आला. कुठल्याशा एस्टीच्या कंडक्टरनं त्याला जप्तीची खबर दिली होती. आष्टीच्या लग्नावरून परतताना तो अख्ख्या बँडसकट नाक्यावर उतरला. लाल कोट, सोनेरी झालरी, गळ्यात ढोल. "जवाईबापू, काई टेन्शन घेऊ नका," तो मोठ्यानं म्हणाला. "करवत आणली हाय. पलंग कापून काढतो, सायेबाच्या ताब्यात देतो, अन् गाडी घेऊन जातो. बाई, तू पिशवी भर. प्लॉट तुही वाट पाहून राह्यला."

भाऊंनी गिरजाबाईंकडे पाहिलं. त्या आत फरशी पुसत होत्या.

तेवढ्यात जीपमधून रेंजरसाहेब उतरले. आगीवरून थेट आलेले. डोळे लाल, मिशीला राख, आणि बुटांना अख्ख्या जंगलाची काजळी. मडावींनी सलाम ठोकला, सगळी हकीकत सांगितली. "बघू," असं म्हणत साहेब ताडताड पायरीपाशी आले, मागून दादाजी करवत घेऊन, आणि साहेबांनी पहिला बूट आत टाकला.

"ओ! बूट! बूट बाहेर काढा!"

गिरजाबाई ओल्या फडक्यासकट उभ्या राहिल्या होत्या. रेंजरसाहेब एका पायावर थबकले. बँड थबकला. कमरुद्दीनच्या हातातला बांबू वरच्या वर राहिला.

"आत्ताच पुसलं मी सारं घर," गिरजाबाई म्हणाल्या. "दिसत नाई काय जी? अन् तू रे दादाजी, करवत घेऊन कुठी चालला? चपला काढ आधी. कोणाच्या घरात असं घुसतात काय?"

मडावींनी कान टवकारले. "बाई, तवा त तुमी गाडी म्हणल्या होत्या."

"तवा गाडीच होती," गिरजाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा फरशी पुसायला लागल्या.

भाऊंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेगडीचा धूर आहे असं त्यांनी कमरुद्दीनला सांगितलं. शेगडी विझलेली होती.

रेंजरसाहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. मोज्यातून दोन्ही अंगठे बाहेर आलेले होते, ते लपवत ते पलंगावर बसले, चहा प्यायले, मग आणखी एक कप मागून घेतला. म्हणाले, "मडावी, लिहा. जिथं मला बूट काढावे लागले, ती गाडी कशी असेल? घरच आहे. सोडून द्या." दादाजी पायरीपाशी एका हातात चपला आणि एका हातात करवत घेऊन उभा होता. त्याच्या बँड मास्टरला मात्र कुठं काय वाजवायचं याची उपजत जाण. त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावली, आणि गृहप्रवेशाला वाजवतात ती धून कोसमटोल्याच्या नाक्यावर सुरू झाली. बाया नाचायला लागल्या. डोमा तर बादली घेऊन नाचला.

मडावींनी चावी भाऊंच्या हातावर ठेवली, भाऊंनी ती कमरुद्दीनकडे फेकली. कमरुद्दीननं उडी मारून जागा गाठली. "चलो सिरोंचा!" भाऊ ओरडले, आणि इंजिन धडधडलं.

छपरावरची मोहफुलं भरभर खाली सांडू लागली. बंपरला बांधलेली बकरी बोंबलली. बायनाबाई त्याहून बोंबलली. आणि खिडकीतून गिरजाबाईंचं डोकं बाहेर आलं.

"बंद करा जी ते! घर कोणी असं हालवते काय? वरती लोकाइचं मोहफूल वाळून राह्यलं. अंगण ओलं हाय. परवा बायनाबाईच्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, मी पलंगावर बसवते म्हणून सांगून ठेवलं हाय त्यायले. ते काय रस्त्यावर बसतील?"

इंजिन बंद झालं.

भाऊंनी समोर पाहिलं. सिरोंच्याचा रस्ता झाडीतून सरळ जात होता, मोकळा, आडवा बांबू वर उचललेला. मग मागं पाहिलं. सडा घातलेलं अंगण, दोरीवरचं त्यांचंच धोतर, पायरीपाशी चपलांची रांग. त्या रांगेच्या टोकाला आता रेंजरसाहेबांचे काळे बूटही होते. भाऊंनी कमरुद्दीनच्या हातातून चावी काढून घेतली, नाक्याच्या टेबलापाशी गेले आणि मडावींसमोर ठेवली.

"साहेब, ही राहू द्या तुमच्याकडं. जप्ती आणखी काही दिवस चालू ठेवा."

मडावी बघतच राहिले. "आता कायले जी? सुटली ना गाडी? मी कारण काय लिहू?"

श्रीहरीभाऊंनी चष्मा नाकावर सरळ केला. खिडकीतून गिरजा बघत होती.

"लिहा," ते म्हणाले, "घरगुती कारणास्तव."